अंगावर दोन वाकळी, तरी हुडहुडी का? बाजेवरची थंडी खालून लागते. जागलीला जाताना अंथरूण कसं निवडावं

हिंगोली : रब्बी हंगाम लागला की हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत या पाचही तालुक्यांतली शिवारं रात्रीची जागी असतात. कुठं हरभऱ्यात रानडुकरं घुसतात, कुठं रोह्यांचा कळप गहू तुडवून जातो. कुणाची तुरीची सुडी रानात असते, तर कुणाची शिजवलेली हळद वाळत पडलेली असते. त्यात मोटारीची लाईट कधी दिवसा, कधी रात्री. रात्रपाळीचा आठवडा आला की पाणी द्यायला आखाड्यावर मुक्काम ठरलेलाच.

मुक्काम म्हटलं की बाज आली. बाजेवर अंग टाकायचं, वरून दोन वाकळी ओढून घ्यायच्या, डोक्याला मफलर गुंडाळायचा. तरी पहाटे तीन-चारच्या सुमाराला पाठ, कंबर आणि मांड्या गार पडतात, झोप मोडते. मग माणूस अंगावर आणखी एक पांघरूण घेतो. त्यानंही भागत नाही तेव्हा उठून शेकोटी पेटवतो. थंडी वरून कमी आणि खालून जास्त लागतेय, ही गोष्ट लक्षातच येत नाही.

ही गोष्ट नीट समजून घेतली तर घरातल्याच सामानात, फारसा खर्च न करता रात्र सुखाची जाते. आणि थंडीपायी जमिनीवर झोपणं, बंद खोलीत निखारे ठेवणं असले जिवावरचे प्रकारही टळतात.

ऊब कापडात नसते, हवेत असते

वाकळ स्वतः गरम नसते. गरम असतं आपलं अंग. वाकळीच्या थरांमध्ये जी हवा अडकून बसते ती अंगाची ऊब बाहेर जाऊ देत नाही. हवा जितकी जास्त अडकेल आणि जितकी कमी हलेल, तितकी ऊब टिकते. नवी कापसाची गादी उबदार वाटते आणि दहा वर्षांची चेपलेली गादी गार वाटते, त्याचं कारण हेच.

आता बाजेवर काय होतं ते बघा. अंगावरची वाकळ फुललेली असते, तिच्यात हवा असते. पण अंगाखालचं अंथरूण माणसाच्या वजनानं दाबलं जातं. साठ-सत्तर किलोचं अंग जिथं टेकतं तिथली हवा निघून जाते. खांदे, कुल्ले आणि टाचा जिथं टेकतात तिथं तर कापडाचा नुसता पापुद्रा उरतो.

त्यात बाज जमिनीपासून हात-दीड हात उंच. खालून वारा मोकळा. सुतळीच्या किंवा नवारीच्या विणीतून तो थेट अंथरुणाला लागतो. उन्हाळ्यात हीच बाजेची मजा असते, हिवाळ्यात तीच सजा होते. म्हणून वर तीन पांघरुणं घेतली आणि खाली एक पातळ सतरंजी असली, तर वरच्या तिन्हीचा निम्मा उपयोग वाया जातो. अंथरूण पाहून पाय पसरावेत अशी म्हण आहे. थंडीत मात्र अंथरूण पाहून पांघरूण ठरवावं.

झुल्यावर झोपणाऱ्यांनी काढलेली युक्ती

हाच त्रास परदेशात जंगलात फिरायला जाणाऱ्यांना झाला. तिकडं बरेच जण तंबूऐवजी दोन झाडांना कापडी झुला बांधून त्यात झोपतात. झुल्याच्या खालून वारा लागायचा, आतली गादी वजनानं दाबली जायची आणि पाठ गारठायची. त्यांनी सोपा उपाय केला. रजई झुल्याच्या आत न घालता बाहेरून, खालच्या अंगाला लटकवली. तिला ते अंडरक्विल्ट म्हणतात. माणसाचं वजन झुल्यावर येतं, रजईवर येत नाही. त्यामुळं रजई दबत नाही, तिच्यातली हवा तशीच राहते आणि वाराही अडतो.

तिकडं या रजया तापमानाच्या हिशोबानं विकत मिळतात. कमी थंडीला पातळ, कडाक्याच्या थंडीला जाड. काहींत पक्ष्यांची मऊ पिसं भरलेली असतात, काहींत कृत्रिम धागा. पिसांची रजई वजनाला हलकी आणि उबदार, पण ओली झाली की निकामी.

आपल्याला ती विकत आणायची गरज नाही. बाज आणि झुला, दोन्हीचं दुखणं एकच. त्यामुळं औषधही एकच. वाकळ बाजेवर तर अंथरायचीच, पण एक वाकळ बाजेच्या खालूनही बांधायची.

बाजेखाली वाकळ कशी बांधावी

घरातली जुनी पण धड असलेली वाकळ घ्यावी. लांबी खांद्यापासून गुडघ्यापर्यंत पुरली तरी चालते, कारण अंगाचा मोठा भार आणि ऊब तिथंच असते. पायांसाठी वेगळं पोतं चालतं. वाकळीच्या चार कोपऱ्यांना आणि दोन्ही लांब बाजूंच्या मध्यभागी सुतळीच्या कड्या शिवाव्यात. अशा सहा कड्या पुरतात. त्या बाजेच्या दांड्यांना बांधायच्या.

बांधताना तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात.

पहिली, वाकळ विणीला हलकी चिकटून असली पाहिजे. मध्ये वितभर पोकळी राहिली तर तिथून वारा शिरतो आणि बांधल्याचा फायदा होत नाही.

दुसरी, फार ताणून बांधू नये. माणूस झोपला की बाजेला झोळ पडतो. मोकळ्या बाजेला घट्ट बांधलेली वाकळ त्या झोळानं दाबली जाते, मग ती वर अंथरली काय आणि खाली बांधली काय, सारखंच. म्हणून एकानं बाजेवर झोपावं आणि दुसऱ्यानं खालून गाठी माराव्यात. बरोबर अंदाज येतो.

तिसरी, उशाकडची आणि पायथ्याकडची तोंडं बंद असावीत. वारा बहुधा तिथूनच शिरतो. वाकळीची कड वर दुमडून दोरीनं आवळली की काम झालं.

वारा जास्त असेल तर वाकळीच्या बाहेरून ताडपत्रीचा तुकडा किंवा शिवून जोडलेली पोती बांधावीत. ताडपत्रीला स्वतःची ऊब नसते, तिचं काम फक्त वारा अडवणं. त्यामुळं ती नेहमी सगळ्यात बाहेर, अंगापासून लांब. खत, बियाणं किंवा औषधाची पोती अंथरुणाला वापरू नयेत. बियाण्याला औषध चोळलेलं असतं, त्याचा अंश पोत्यात राहतो. धान्याचं किंवा पेंडीचं स्वच्छ पोतंच घ्यावं.

कोणत्या थंडीला किती

मोबाईलवर रोजचं किमान तापमान दिसतं. पण तो आकडा गावाचा किंवा शहराचा असतो. रानातला गारठा त्याच्यापेक्षा जास्त असू शकतो. गार हवा जड असते, ती उतारानं वाहत सखल भागात साचते. म्हणून कयाधूच्या काठची, ओढ्याकडची रानं माळापेक्षा गार असतात. नुकतंच पाणी दिलेल्या वावरात तर गारठा आणि दव दोन्ही वाढतात. सखल रान असेल तर मोबाईलच्या आकड्यातून दोन-तीन अंश वजा धरूनच तयारी करावी.

खालचा हिशोब अंदाजे आहे. माणसागणिक फरक पडतो. म्हातारी माणसं, अंगानं बारीक माणसं आणि मधुमेह असलेल्यांनी एक पायरी जास्तच धरावी.

१८ अंशांच्या वर (ऑक्टोबर, मार्चच्या रात्री) : बाजेवर एक जाड सतरंजी किंवा पातळ वाकळ पुरे. खाली काही बांधायची गरज नाही. पहाटेसाठी एक चादर उशाला असावी.

१३ ते १८ अंश (नोव्हेंबर, फेब्रुवारी) : बाजेवर एक वाकळ, बाजेखाली पोत्यांचा पडदा. वारा अडला तरी निम्मं काम होतं.

८ ते १३ अंश (डिसेंबर, जानेवारी) : बाजेवर घोंगडं आणि त्यावर वाकळ, बाजेखाली दुसरी वाकळ आणि तिच्या बाहेरून ताडपत्री. अंगावर एक-दोन पांघरुणं. यात वरचं एक पांघरूण कमी असलं तरी चालेल, खालचं नको.

८ अंशांच्या खाली : बाज उघड्यावर ठेवूच नये. आखाड्यात, गोठ्याच्या आडोशाला किंवा किमान तीन बाजूंनी तट्टा असलेल्या जागी घ्यावी. आपल्या भागात एवढी थंडी पडत नाही असं कुणी म्हणू नये. डिसेंबर २०१८ च्या अखेरीस शेजारच्या परभणीत कृषी विद्यापीठाच्या नोंदीत पारा २ अंशांपर्यंत खाली आला होता. अशा लाटेत साठीच्या पुढच्या माणसाला जागलीला पाठवू नये.

कशाचं अंथरूण बरं

वाकळ : जुन्या लुगड्या-धोतरांचे थर दाट टाक्यांनी शिवलेले असल्यानं ती कापसाच्या गादीइतकी दबत नाही. थरांच्या मध्ये हवा राहते. दोष एकच, ती ओल धरते. दवानं भिजलेली सुती वाकळ कोरड्या चादरीपेक्षाही गार. म्हणून ती रोज उन्हात टाकली पाहिजे. दोन-तीन तासांच्या उन्हानंही रात्री फरक कळतो.

घोंगडं : मेंढीच्या लोकरीचं अस्सल घोंगडं खरबरीत असतं, पण ओलसर झालं तरी ऊब सोडत नाही. लोकर आपल्या वजनाच्या साधारण तिसऱ्या हिश्शाइतकी ओल पोटात घेते, तरी हाताला ओली लागत नाही. धनगर, मेंढपाळ रात्रंदिवस रानात राहूनही घोंगडं सोडत नाहीत ते उगाच नाही. बाजारात घोंगडं म्हणून कृत्रिम धाग्याच्या चादरीही मिळतात. एक धागा काढून जाळून बघावा. लोकर जळताना केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटानं चुरते. कृत्रिम धागा वितळतो आणि त्याचा कडक गोळा होतो.

कापसाची गादी : घरात उत्तम. रानात मात्र जड, ओल धरणारी आणि लवकर न वाळणारी.

फोमची शीट : सामानाच्या पॅकिंगला येते ती पांढरी, बंद छिद्रांची शीट वजनानं फारशी दबत नाही आणि पाणीही पीत नाही. बाजेची वीण आणि वाकळ यांच्या मध्ये ती टाकली तर चांगला उपयोग होतो. पण आगीला ती लगेच धरते, म्हणून शेकोटीपासून लांब.

कडबा, भुसा : पोत्यात सैल भरून बाजेखाली बांधला तर स्वस्तात ऊब. ठासून भरू नये, हवा राहायला जागा हवी. पाऊस किंवा दव लागलं की बदलावा, नाहीतर बुरशी धरते आणि खोकला लागतो.

दव वरून, वारा खालून

उघड्या आभाळाखाली झोपलं की अंगाची आणि पांघरुणाची ऊब वर आभाळाकडं निघून जाते. ढगाळ रात्र उबदार आणि निरभ्र रात्र कडाक्याची असते, ती त्यामुळंच. झाडाखाली किंवा छपराखाली दव कमी पडतं, तेही याच कारणानं. बाजेच्या वर हात-दोन हातांवर ताडपत्री किंवा जुनं लुगडं छतासारखं बांधलं तर पांघरूण कोरडं राहतं आणि ऊबही टिकते.

पण प्लास्टिक थेट अंगावर ओढून घेऊ नये. श्वासाची आणि घामाची वाफ त्याला आतून धरते, पहाटेपर्यंत वाकळ ओली होते.

पाणी देऊन आल्यावर ओल्या कपड्यांत बाजेवर पडणं ही सगळ्यात मोठी चूक. कोरडा सदरा, कोरडी चड्डी आणि पायमोज्यांचा एक जोड वेगळ्या पिशवीत आखाड्यावर ठेवावा. पाय पुसून कोरडे केल्याशिवाय पांघरुणात घेऊ नयेत. दारूनं ऊब येते हा गैरसमज आहे. दारूनं कातडीजवळच्या रक्तवाहिन्या सैल होतात, वरून गरम वाटतं, पण आतली ऊब भराभर बाहेर जाते. अंगाची थरथर थांबली, बोलणं अडखळायला लागलं आणि माणूस सुस्तावला तर थंडी अंगात शिरली असं समजावं. त्याला आडोशाला न्यावं, कोरडे कपडे घालावेत, वाकळीत गुंडाळावं आणि शुद्धीत असेल तर गरम चहा किंवा दूध द्यावं. मग दवाखाना गाठावा.

थंडीपायी जमिनीवर उतरू नका

बाज गार लागते म्हणून बरेच जण आखाड्यात जमिनीवरच कडबा पसरून झोपतात. खालून वारा लागत नाही, म्हणून बरं वाटतं. पण कडब्यात, पोत्यांच्या थप्पीत उंदीर असतात आणि उंदरांच्या मागं साप येतो. मण्यार रात्री फिरते. तिचा दंश बहुतेक वेळा दुखत नाही, सूजही येत नाही. झोपेत चावली तर कळतही नाही. काही वेळानं पोटात दुखतं, पापण्या जड होतात, गिळता-बोलता येत नाही आणि पुढं श्वास अडतो. पावसाळ्यात आणि ऑक्टोबरच्या उबदार रात्रींत हा धोका सगळ्यात जास्त. कडक थंडीत साप कमी फिरतात, पण अडचणीत दडून असतातच.

म्हणून बाज सोडू नये, बाजच उबदार करावी. मच्छरदाणी लावून तिच्या कडा अंथरुणाखाली खोचाव्यात. बाजेखाली बांधलेली वाकळ किंवा तिच्या दोऱ्या जमिनीला टेकू देऊ नयेत, नाहीतर विंचू-किड्याला शिडीच मिळते. खालची वाकळ रोज सकाळी सोडून झटकावी. पहाटे पोटात दुखून पापण्या जड झाल्या, तर मंत्र-उताऱ्यात वेळ घालवू नये. १०८ ला फोन करावा किंवा मिळेल त्या गाडीनं सरकारी दवाखाना गाठावा. मण्यारीसह नाग, घोणस आणि फुरसं या चारही सापांच्या विषावर एकच लस चालते.

दुसरा धोका निखाऱ्यांचा. घमेल्यात कोळसे घेऊन दार लावून झोपायची सवय आहे. जळत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साईड वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. झोपलेला माणूस झोपेतच जातो. शेकोटी बाहेर, झोपायच्या आधी आणि पूर्ण विझवून. मचाणावर किंवा कडब्याच्या गंजीजवळ तर मुळीच नाही.

मचाणावर झोपणाऱ्यांना वारा आणखी जास्त लागतो. तिथं फळ्यांच्या किंवा बांबूंच्या खालच्या अंगाला तुराट्यांचा तट्टा बांधून तो शेणमातीनं लिंपला की वारा अडतो. त्याच्यावर कडब्याचा थर आणि मग वाकळ.

झोळीतल्या लेकराचं काय?

हा सगळा हिशोब मोठ्यांचा झाला. पण झुल्यात झोपणारं सगळ्यात नाजूक माणूस म्हणजे तान्हं लेकरू. कापूस वेचायला, हळद काढायला, ऊसतोडीला आलेल्या बाया झाडाला किंवा खोपीच्या मेढीला लुगड्याची झोळी बांधून लेकरू निजवतात. लेकराच्या पाठीला एकच पातळ कापड आणि खालून वारा मोकळा. आई वरून तीन कपडे घालते, तरी लेकराची पाठ गारच.

तान्ह्या लेकराचं अंग मोठ्यांपेक्षा फार लवकर थंड पडतं. झोळीच्या बाहेरून, खालच्या अंगाला चौघडी केलेलं घोंगडं किंवा छोटी दुपटी बांधली तर वारा अडतो. आत गादी कोंबण्यापेक्षा हे बरं, कारण आतलं मऊ सामान सरकून लेकराच्या तोंडावर येऊ शकतं. डोक्याला टोपरं, पायात मोजे, तोंड-नाक उघडं. झोळी फार खोल नको, लेकराची हनुवटी छातीला टेकता कामा नये. दर थोड्या वेळानं लेकराचं पोट आणि पावलं हात लावून बघावीत. पावलांसोबत पोटही गार लागलं तर ताबडतोब छातीशी, कातडीला कातडी लावून घ्यावं आणि वरून पांघरावं. आईच्या अंगाइतकी ऊब दुसरी कशात नाही. तरी लेकरू सुस्त राहिलं, दूध ओढेना, तर दवाखान्यात न्यावं. रात्री मात्र झोळी नकोच, लेकरू खोपीतच, आडोशाला.

आज रात्रीच करून बघा

जागलीला गेल्यावर मध्यरात्री जाग आली की एक हात पांघरुणाच्या आत पोटावर ठेवावा आणि दुसरा कंबरेखाली अंथरुणावर. पोट ऊबदार आणि कंबरेखालचं अंथरूण गार लागलं, तर वरचं पांघरूण पुरेसं आहे, कमी आहे ते खालचं. दुसऱ्या रात्री वरची एक वाकळ काढून बाजेखाली बांधावी. वाकळ तीच, थंडीही तीच. फरक दुसऱ्याच रात्री कळेल.

जाताना पिशवीत एवढं असावं : कोरडे कपडे, पायमोजे, बॅटरी, मच्छरदाणी, सुतळीचा तोडा आणि चार्ज केलेला मोबाईल. निघण्याआधी घरी सांगून जावं, कोणत्या वावरात मुक्काम आहे आणि सकाळी किती वाजता परत येणार. दिवसा पूर्ण दाबानं लाईट मिळेपर्यंत आणि डुकरांचा बंदोबस्त होईपर्यंत जागल काही चुकत नाही. पीक राखायचंच आहे, पण ते राखणारा माणूसही धडधाकट राहिला पाहिजे.